ताटावरचा हात

हा माणूस आयुष्यभर लोकांच्या ताटात वाढत आला, आणि ‘पुरे’ हा शब्द त्याला कधी ऐकू आला नाही. कान तसे शाबूत होते. दोन खोल्या पलीकडे दूध उतू जायला लागलं तरी त्याला कळायचं. या एका शब्दापुरता मात्र तो ठार बहिरा होता.

वसतिगृहाच्या मेसमध्ये भांडी घासायला म्हणून लागला आणि मुख्य स्वयंपाकी होऊन निवृत्त झाला. मुलं त्याला ‘अजून-घे काका’ म्हणायची. हळूहळू अधीक्षकही तेच म्हणू लागले, आणि पुढे पुढे काका स्वतःची ओळखही तशीच करून द्यायचे. एकदा मेसच्या व्यवस्थापकानं रश्श्यात थोडं पाणी वाढवायला सांगितलं, तर काका शांतपणे म्हणाले की पाणी प्यायला बाहेर नळ आहे. पातळ वाढणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं त्यांचं ठाम मत होतं. पोरगं ढेकर देत उठलं पाहिजे आणि भांडं तळाशी खरवडलं गेलं पाहिजे, एवढं झालं की त्यांना रात्री गाढ झोप लागायची.

त्यांची एक खासियत होती. मुलानं नको म्हणून ताटावर हात आडवा धरला की काका गरम रश्श्यानं भरलेला डाव बरोब्बर त्या हातावर नेऊन धरायचे. हसत विचारायचे, “हात काढतोस की हातावर वाढू?” डावातून एखादा थेंब टपकायचाच. मुलगा हात झटकायचा, आणि तेवढ्यात डाव ताटात रिकामा झालेला असायचा. सगळी मेस हसायची. काकाही हसायचे, आणि पुढच्या ताटाकडे वळायचे.

त्यांची बायको लवकर गेली. मुलगी तेव्हा शाळेतही जायला लागली नव्हती. ती मेसच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पोत्यांशेजारी वाढली. पोरीला आई नाही, निदान तिचं पोट तरी रिकामं राहू नये, हा काकांचा ध्यास होता. तीही ताटावर हात धरायची. तिच्याही हातावर डाव यायचा. लेकीचे लाड आणखी कसे करायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर काका लेकीबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. लेक जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. घरात खाणारी माणसं दोन, आणि त्यातली एक चिमणीसारखं खाणारी. काकांना मापच जमेना. रोज उरायचं, रोज शिळं व्हायचं, आणि लेक रोज अर्धाच डबा घेऊन जायची. काका दिवसभर ओट्यापाशी घुटमळायचे. मोठमोठी पातेली वरच्या फळीवर पालथी पडली होती, आणि काकांची अवस्थाही फारशी वेगळी नव्हती.

अशात एका संध्याकाळी लेक एक खोकं घेऊन आली. आत जुन्या टॉवेलात कुत्र्याची तीन पिल्लं होती. त्यांची आई सामान वाहणाऱ्या एका टेम्पोखाली गेली होती. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते आणि हिरड्यांत दात टोचू लागले होते. दवाखान्यात आजारी जनावरं असतात, तिथं इतकी लहान पिल्लं ठेवणं बरं नाही, म्हणून ती कर्मचाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी वाढवायला देत. या वेळी लेकीनं पहिल्यांदाच पुढं होऊन मागून घेतली होती. तिच्यावर असा भरवसा आजवर कोणी टाकला नव्हता, आणि ती आनंद लपवू शकत नव्हती. सकाळ, संध्याकाळ आणि रात्र ती बघणार, दिवसा मात्र बाबांनी सांभाळायचं असं ठरलं.

काकांनी लगेच वरच्या फळीकडे पाहिलं. लेकीच्या ते लक्षात आलं.

“बाबा, यांचं पोट अजून काम शिकतंय,” ती म्हणाली. “आत्ता आईचं दूध पचतं, नाहीतर ही पावडर. दुसरं काही घातलं तर पोटाला त्याचं काय करायचं ते कळत नाही.”

मग तिनं सगळं करून दाखवलं. पिल्लांसाठीची दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, पिल्लाला उताणं न धरता पोटावर ठेवून बाटली द्यायची, कारण आईपाशी ती तशीच पितात. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा. नंतर पोटाखालून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, म्हणजे त्यांना शी-शू होते. काही दिवसांनी पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं त्याच दुधात भिजवून, अगदी पातळ करून बशीत द्यायचं, आणि पुढं आठवड्या-आठवड्यानं घट्ट करत न्यायचं. पातळ म्हणजे किती, असं काकांनी विचारलं. बशी तिरकी केली की वाहायला हवं, ती म्हणाली. काकांनी नाक मुरडलं. हे जेवण झालं की हात धुतलेलं पाणी, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“आणि तोंड फिरवलं की थांबायचं,” लेक म्हणाली. मग हसून म्हणाली, “इथं अजून-घे नाही हं, बाबा.”

मी काय लहान आहे का, असं म्हणत काकांनी तिला वाटेला लावलं.

पहिले काही दिवस त्यांनी अगदी सांगितल्याबरहुकूम केलं. पिल्लांना नावंही ठेवली. जो दुसऱ्यांना ढकलून पुढं यायचा तो मुकादम. जो दिलेलं सगळं निमूट घ्यायचा, कधी कुरकुर नाही की तोंड फिरवणं नाही, तो गुणी. आणि एक मुठीत मावेल एवढी पिल्ली होती, दोन घोट घेऊन मान वळवायची, ती चिमूट. काकांचा सगळा जीव गुणीवर जडला. असं एक पोरगं प्रत्येक बॅचमध्ये असायचं, ते म्हणायचे, वाढणाऱ्याचं समाधान करणारं.

पण पिल्लं दूध पिऊन झाल्यावरही कुंईकुंई करायची. थंडी वाजते, पोटात वारा धरतो, आई आठवते, कशानंही रडतात, हे लेकीनं सांगितलेलं होतं. ते काकांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. रडतंय म्हणजे भूक लागली, यापलीकडे त्यांचा कशावर विश्वास नव्हता. शिवाय बाटलीतलं ते पांढरट पाणी बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. एवढा मोठा स्वयंपाकी, आणि घरात आलेल्या अनाथ जिवांना हे पाजतोय.

एका दुपारी त्यांनी घरातलं गाईचं दूध सायीसकट गरम केलं. त्यात ब्रेडचा मऊ भाग कुस्करला. घट्टपणा हवा म्हणून एक अंडं फोडून घातलं, घोटून घोटून एकजीव केलं, आणि बशी पिल्लांपुढं ठेवली. बशी तिरकी केली असती तरी काही वाहिलं नसतं. मुकादम त्यात पायांसकट उतरला. गुणी शेवटच्या चाटणापर्यंत खात राहिला. चिमूट तोंड फिरवू लागली, तेव्हा काकांनी तिला मांडीवर घेतलं, आणि बोटानं भरवलं. ती मान वळवायची, ते बोट वळवायचे. अखेर तिनं गिळलं. तिन्ही पोटं टम्म फुगली, तिन्ही पिल्लं एकमेकांवर पडून झोपली, आणि घरात शांतता झाली. निवृत्तीनंतर काकांना त्या दिवशी पहिल्यांदा काम केल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी पातेलं घासून, पुसून, फळीवर होतं तिथं पालथं ठेवलं. अंड्याची टरफलं कचऱ्यात खालपर्यंत दाबली. आपण काही वावगं करतोय हे माहीत नसतं तर ते पातेलं ओट्यावरच राहिलं असतं.

संध्याकाळी लेकीनं पिल्लांचं वजन केलं. वाढलं होतं. “बाबा, तुमच्या हाताला चव तर होतीच, आता गुणही आला,” ती म्हणाली. लेकीनं कौतुक करावं असा प्रसंग बऱ्याच वर्षांत आला नव्हता. काका फुलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन अंडी घातली.

व्हायचं तेच झालं. आधी गुणीला पातळ शी होऊ लागली, मग मुकादमला, मग चिमूटला. टॉवेल धुता धुता लेकीचे हात सोलवटले. तिनं विचारलं, “बाबा, पावडरीशिवाय दुसरं काही दिलं नाही ना?”

“नाही गं,” काका म्हणाले.

खोटं बोलायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आणि लेकीनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही, लगेच मान डोलावली. तिनं थोडी जरी शंका घेतली असती तर काकांनी कदाचित सांगून टाकलं असतं. तिनं शंका घेतली नाही. ती आत गेली आणि बाटल्या उकळत ठेवल्या, कारण तिला वाटलं, बाटली धुण्यात आपलीच काही कसूर झाली असेल. काका दारात उभे राहून तिची पाठ बघत होते. आपण आता बोलावं, आता बोलावं, असं मनात म्हणत ते पाणी उकळेपर्यंत तिथं उभे राहिले, आणि मग खोलीत जाऊन बसले.

त्यांनी त्याच दिवसापासून आपली बशी बंद केली. आता होईल सगळं ठीक, सांगायची वेळच यायची नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पण सकाळी टॉवेल उचलला तेव्हा गुणी थंड पडला होता. जेवढं वाढाल तेवढं घेणारा तो.  लेकीनं त्याला जुन्या रुमालात गुंडाळलं, उरलेली दोन पिल्लं खोक्यात घेतली आणि दवाखान्याला निघाली. काका न सांगता तिच्यामागून गेले. रस्ताभर ती स्वतःलाच बोल लावत होती आणि काका शेजारून चालत होते. त्यांना वाटत होतं, एखाद्यानं आपल्याला भर रस्त्यात दोन थोबाडीत द्याव्यात.

डॉक्टरबाईंनी आधी मुकादमला पाहिलं. हा तग धरेल, त्या म्हणाल्या. मग चिमूटच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हिरड्या कोरड्या पडल्या होत्या, अंगातलं पाणी आटलं होतं. बाईंनी लेकीला बाजूला न घेता दोघांसमोरच सांगितलं. हे दोन कारणांनी होऊ शकतं. एक म्हणजे पिल्लांना लागणारा तो वाईट संसर्ग. तसं असेल तर जालीम औषध आत्ताच द्यावं लागेल, आणि लेकीला काही दिवस दवाखान्यात पाऊल टाकता येणार नाही, कारण इथल्या बाकीच्या जनावरांना धोका. दुसरं म्हणजे पोटाला न झेपणारं काही खाण्यात आलं. तसं असेल तर दूध थांबवून, ऊब देऊन, कातडीखालून पाणी द्यायचं, मग पुन्हा थेंबाथेंबानं सुरुवात करायची. तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायला वेळ नाही. आणि हे औषध गरज नसताना दिलं तर एवढंसं पिल्लू ते औषधच सोसणार नाही.

“खाण्यात काही वेगळं गेलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही, डॉक्टर,” लेक म्हणाली. “मीच इथून कपड्यांवरून काहीतरी घरी नेलं असणार. दिवसा बाबा बघतात. मी सांगितलंय त्यात ते चमचाभरही इकडचं तिकडे करत नाहीत.”

 औषध तयार करते, बाहेर बसा, असं सांगून बाई आत गेल्या.

बाहेर बाकावर एक टक्कल पडलेले गृहस्थ मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी काकांकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, तुम्ही अजून-घे काका ना?” वसतिगृहात होते ते, जुने विद्यार्थी. झालं, त्यांना बोलायला तोंड पुरेना. बाकावरच्या दोन अनोळखी बायकांनाही त्यांनी सांगून टाकलं की हा माणूस म्हणजे अन्नदाता, याच्या हातून कोणी कधी उपाशी उठलं नाही. काका जमिनीकडे बघत होते. एरवी हे सगळं त्यांनी दोनदा ऐकून घेतलं असतं.

“पण काय वाढायचे, बाप रे,” गृहस्थ लेकीकडे वळून हसत म्हणाले. “नको म्हटलं तर ऐकतंय कोण? हातावर गरम डाव. शेवटी आम्ही मांडीवर पिशवी धरून बसायला लागलो. अर्धं पोटात, अर्धं पिशवीत, आणि मग मागच्या नाल्यात. कितीतरी पोरं रात्री पोट धरून झोपायची. पण माया हो, काका. तुमची माया होती ती.”

ते खरंच मायेनं बोलत होते. काकांनी लेकीकडे पाहिलं. ती हसेल, नाहीतर निदान चकित होईल, असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही, चकितही झाली नाही. मांडीवरच्या खोक्याची कड सारखी करत खाली बघत राहिली. तिला पिशव्यांचं माहीत होतं. मेसच्या कोपऱ्यात वाढलेल्या त्या पोरीकडेही तशी एक पिशवी असणार, हे काकांना त्या क्षणी कळलं, आणि धरणीनं दुभंगून पोटात घेतलं तर बरं असं झालं.

दार उघडून डॉक्टरबाईंनी हाक मारली. त्यांच्या हातात सुई तयार होती. लेक खोकं घेऊन उठली. काका तिच्यापुढं झाले आणि दारात आडवे उभे राहिले.

“थांबा, बाई,” ते म्हणाले. “मी दिलंय.”

“काय दिलंय?”

“गाईचं दूध. सायीसकट. ब्रेड घातला त्यात, आणि अंडं.”

“किती?”

काकांनी आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर कधी दिलं नव्हतं. “नको म्हणेपर्यंत,” ते म्हणाले. मग स्वतःच दुरुस्त केलं. “नाही. नको म्हटल्यावरही. बोटानं घातलं तोंडात.”

 टकले गृहस्थ मांजराच्या टोपलीत बघू लागले. बाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली, हे काल सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या, आणि लेकीच्या हातून खोकं घेऊन आत गेल्या. लेक तिथंच उभी राहिली. तिनं वडिलांकडे पाहिलं नाही.

“गुणीलाही?” तिनं विचारलं.

काकांनी होकारार्थी मान हलवली. त्याला तर सगळ्यांत जास्त, हे त्यांना सांगवलं नाही. आणि ते न सांगितल्याचीही लाज पुढं बरेच दिवस त्यांना खात राहिली.

चिमूट वाचली. कातडीखालून पाणी, गरम पाण्याच्या बाटलीची ऊब, मग पावडरीचं आणखी पातळ केलेलं दूध, असं करत करत ती उभी राहिली. मुकादम तर आठवडाभरात दवाखान्यातल्या झाडूशी भांडू लागला. पण पिल्लं घरी परत आली नाहीत. यापुढं कोणतीच पिल्लं या घरी द्यायची नाहीत असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. लेकीनं ते घरी येऊन सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. ती भांडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

काका दवाखान्यात जाऊन बसू लागले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. जाळीबाहेरच्या स्टुलावर बसून ते लेकीला भरवताना बघायचे. चिमूट आता बशीतून चाटू लागली होती. खाणं दुधात भिजवून इतकं पातळ केलेलं असायचं की बशी तिरकी केली की वाहायचं. एके दिवशी लेकीला कोणीतरी हाक मारली, आणि जाताना तिनं बशी काकांच्या हातात दिली. चिमूटनं थोडं चाटलं आणि मान वळवली. बशीत अर्ध्याहून जास्त उरलं होतं. काकांचा हात आपोआप तिच्या मानेमागं गेला, तिला बशीकडे वळवायला. त्यांनी तो मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून बसले. लेक परत आली तेव्हा ते तसेच बसले होते. तिनं उरलेली बशी पाहिली, उचलली आणि धुवायला नेली.

त्या संध्याकाळी काकांनी दोघांपुरताच स्वयंपाक केला. तीन वेळा तांदूळ मापून परत डब्यात टाकले होते. लेक जेवायला बसली. त्यांनी एकदा वाढलं, तिनं खाल्लं, आणि सवयीनं त्यांनी दुसरा डाव भरून उचलला. लेकीचा डावा हात लगेच ताटावर आडवा आला. बोटं किंचित आकसलेली होती. काकांनी तो हात आजवर हजारदा पाहिला असेल. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा एक जुना, फिकट डाग होता. तो मात्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

काकांनी डाव परत पातेल्यात ठेवला. पातेल्यावर झाकण घातलं, ते ओट्यावर नेऊन ठेवलं, आणि रिकाम्या हातांनी तिच्यासमोर येऊन बसले.

“बरं,” ते म्हणाले.

लेक उजव्या हातानं जेवत राहिली. डावा हात ताटावर तसाच होता. जेवण संपेपर्यंत तिनं तो काढला नाही.